‘घर’ लिहिलेली कॅसेट

अहो, तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा व्हीसीआर चालूच होता.

सकाळी तुम्ही कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट संगणकावर उतरवायला लावली होती. मी स्वयंपाकघरात होते. आतल्या खोलीतून बँडचा आवाज येत होता, त्यातच तुमची हाक आली, "वंदना, जरा पाणी दे." मी तांब्या घेऊन आले तोवर तुम्ही टेबलावर डोकं टेकवलं होतं. झोप लागली असेल असं मला क्षणभर वाटलं. मग शेजारची माणसं धावून आली, रिक्षा आली, दाराला कुलूप लागलं. संगणक बंद करायचं कुणाला सुचणार?

तुम्हाला घरी आणलं, नेलं. पाहुणे आले, गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या कुणी ना कुणी बदलत राहिलं. त्या खोलीत मात्र कुणी गेलं नाही. सगळे पांगल्यावर एका दुपारी मी आत गेले. पडदा काळा होता, टेबलाखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. माऊस हलवला तर समोर निळा रंग आणि त्यावर निरोप, डिस्क भरली आहे. लग्न कधीच संपलं होतं. कॅसेट संपून आपली आपण मागे जाऊन थांबली होती. आणि संगणक बिचारा नुसता निळा रंग नोंदवत बसला होता, जागा संपेपर्यंत.

माझ्या डोक्यात वेड्यासारखं आलं, ह्यात तुमची ती हाक असेल. मी खुर्चीत बसले, फाइल पहिल्यापासून लावली आणि कान देऊन ऐकत राहिले. बँड ऐकला, अक्षता पडताना लोकांचा गलका ऐकला, पंगतीतली गडबड ऐकली. पाण्याची हाक काही आली नाही. संध्याकाळी प्रज्ञा कामावरून परस्पर इकडे आली, तिला सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, तो फक्त कॅसेटमधलं ऐकतो गं. खोलीतलं त्याला ऐकू येत नाही."

तुम्ही असतात तर हसला असतात. इतकी वर्षं ह्या धंद्याच्या शेजारी राहून बाईला एवढंही कळत नाही, म्हणाला असतात.

खरं सांगू, मला तुमचं ते काम कधी आवडलं नाही. कंपनीत होतात तेव्हा शिफ्ट सांभाळून सुट्टीच्या दिवशी तुमच्या दोस्ताबरोबर, दिलीपभाऊंबरोबर, लग्नांची शूटिंग करायचात, ते एकवेळ ठीक होतं. बाहेरचं काम बाहेर राहायचं. पण निवृत्त झाल्यावर तुम्ही लोकांच्या जुन्या कॅसेट घरी आणून डीव्हीडीवर उतरवायला लागलात आणि आपल्या घरात रोज दुसऱ्यांची गर्दी व्हायला लागली. त्यातलं काही पटापट होत नाही. कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ ती चालवावीच लागते. मी भाजी निवडत बसले की आतून कुणाच्या तरी बारशातल्या बाया बोलायच्या, कुणाचे तरी आजोबा खोकायचे. त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत हे तुम्हीच सांगायचात. मी म्हणायचे, घराचं काय करून ठेवलंय तुम्ही, मेलेली माणसं दिवसभर बडबडतायत. तुम्ही म्हणायचात, "आवाज बारीक करतो." आणि करायचातही.

एक माणूस आठवतो, आईची कॅसेट घेऊन आलेला. त्याच्या आईचं बाकी काही नव्हतं, कुठल्या तरी वास्तुशांतीत ती पंगतीला वाढताना दिसत होती तेवढंच. तुम्ही त्याला स्वतःची खुर्ची दिलीत, कॅसेट लावून दिलीत आणि स्वयंपाकघरात येऊन उगाच नळ सोडून उभे राहिलात. मी विचारलं, पाणी कशाला वाया घालवता? तुम्ही ओठावर बोट ठेवलंत. आतल्या खोलीत तो रडत होता. त्याला कुणी ऐकू नये म्हणून नळ. त्या दिवशी मला तुमच्याविषयी जे वाटलं ते मी कधी बोलले नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच पडली नाही.

ती पद्धत का पडली नाही, हेही आपण कधी बोललो नाही.

मी ह्या घरात आले तेव्हा प्रज्ञा पाळण्यातून नुकती खाली उतरली होती. तिच्या आईला, संगीताताईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. आपलं ठरलं तेव्हा तुम्ही मला स्पष्ट सांगितलंत, मुलीला आई पाहिजे, बाकी मी काही मागणार नाही. लोकांना ते मोठं चांगुलपणाचं वाटलं. मलाही तेव्हा वाटलं. नंतर कित्येक वर्षं त्या वाक्याचा दुसरा अर्थ मला टोचत राहिला. मागणार नाही म्हणजे देणारही नाही का? तुम्ही वाईट वागलात असं कुणी म्हणू शकणार नाही. मला दहावीला तुम्ही बसवलंत, परीक्षेच्या केंद्राबाहेर उन्हात उभे राहिलात. माझी आई आजारी असताना तिचे पाय चेपलेत. पण बोलता बोलता तुम्ही मधेच थांबायचात, आणि त्या थांबण्यात दुसरं कुणीतरी आहे असं मला वाटायचं.

आणि ती कॅसेट होती. संगणकाच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. पाठीवर तुमच्या अक्षरात एकच शब्द, ‘घर’.

लोकांच्या एवढ्या कॅसेट तुम्ही उतरवल्यात, पण तिला हात लावला नाहीत. मी किती वेळा म्हटलं असेल, प्रज्ञाला आईचा चेहरा आठवतच नाही, एका फोटोवर पोर वाढली, तिला एकदा दाखवा. कधी तुम्ही म्हणायचात बुरशी लागलीय, लावली तर तुटेल. कधी म्हणायचात व्हीसीआरचं हेड खराब होईल. एकदा मी फारच जोर धरला तेव्हा तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि म्हणालात, "वंदना, त्या कॅसेटमध्ये काही नाही."

मी म्हटलं, काही नाही तर जपून कशाला ठेवलीय? तुम्ही उठून गेलात.

मला वाटलं, माझ्यापासून लपवताय. तिच्याशी तुम्ही कसे बोलत होतात, तिच्याकडे कसे बघत होतात, ते मला दिसू नये म्हणून. मी ते मनात धरून ठेवलं. तळेगावच्या आजींचंही तसंच. संगीताताईंची आई, लेकीच्या मागे नातीवर जीव टाकणारी. प्रज्ञा सुट्टीत तिकडे जायची तेव्हा तिला स्टेशनवरून घेऊन जायला मामा यायचा, तुम्ही कासारवाडीहून गाडीत बसवून द्यायचात आणि परत फिरायचात. त्या घराचा उंबरा तुम्ही टाळायचात. आजी प्रज्ञाकडे निरोप द्यायच्या, जावयानं लेकीचं शूटिंग काढलं होतं म्हणे, एकदा दाखवा म्हणावं. तुम्ही ऐकून घ्यायचात. मी तुम्हाला दगड म्हटलं होतं त्यावरून.

आणखी एक भांडण आपलं राहिलंच. जगाची पोरं वरातीत नाचताना तुम्ही काढलीत, पण आपल्या पोरीचा एकही वाढदिवस काढला नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला ती नाचली, तेव्हा मी म्हटलं, आज तरी कॅमेरा आणा. तुम्ही म्हणालात, तो दिलीपकडे आहे. तो नेहमी दिलीपभाऊंकडेच असायचा. म्हणून प्रज्ञाचं लहानपण कुठल्याच पट्टीवर नाही, आणि मीही नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण शूटिंग करणाऱ्या माणसाची बायको असून माझा हलता-बोलता तुकडा कुठे सापडायचा नाही. तुम्हीही कुठे नाही. तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागे.

तुमच्यामागे लोकांच्या कॅसेट पडून होत्या. फोन यायला लागले. माणसं अवघडून बोलायची, दुःखात त्रास देतो वहिनी, पण आमची कॅसेट तेवढी. प्रज्ञा म्हणाली, आपणच उतरवून देऊ. ती चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, तिला यंत्रांची भीती नाही. मोशीहून ती सुट्टीच्या दिवशी गाडीवर यायची, मला दाखवून जायची, आणि मधल्या दिवसांत मी एकटी एकेक कॅसेट लावायचे. त्यातल्या काही तुम्हीच काढलेल्या निघाल्या. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी कणीक मळत होते. आतून तुमचा आवाज आला, "जरा पुढं या. या ना." मी "आले" म्हणाले. हात तसेच घेऊन दारापर्यंत गेले. पडद्यावर नवरीची आई लाजत लाजत पुढे येत होती. तिलाच बोलावत होतात तुम्ही.

त्या दिवसानंतर मला घरात एकटं बसायला भीती वाटायला लागली, आणि कॅसेट संपली की त्याहून जास्त वाटायची.

लोकांचं सगळं देऊन झालं. मग ‘घर’ राहिली. प्रज्ञाने पिशवी सोडली, कॅसेट उजेडात धरली आणि म्हणाली, "बुरशी कुठंय? स्वच्छ आहे ही." आणखी एक तिच्या लक्षात आलं. आतली पट्टी सुरुवातीला थांबलेली नव्हती, शेवटालाही नव्हती. सुरुवातीपासून जराशी पुढे येऊन थांबली होती. म्हणजे कुणीतरी तिथवर बघून बंद केली होती. ह्या घरात ते कोण करणार?

रविवार होता, दुपारची वेळ. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. प्रज्ञाने कॅसेट मागे नेली, संगणकावर कॅप्चर सुरू केलं आणि माझा हात धरला.

आधी नुसते पांढरे पट्टे. पट्टी तिथे इतकी झिजली होती की चित्र वर-खाली उड्या मारत होतं. प्रज्ञा हळूच म्हणाली, "खूप वेळा चाललीय ही." मग चित्र स्थिरावलं. रेल्वेलाइनजवळची आपली जुनी चाळ. दारापुढची फरशी. आणि फरशीवर केस मोकळे सोडून बसलेल्या संगीताताई.

किती लहान होत्या हो त्या. मी त्यांना आयुष्यभर ताई म्हणत आले आणि समोर प्रज्ञाहून लहान मुलगी बसलेली. तिने कॅमेऱ्यापुढे तळवा धरला, नका ना, केस विस्कटलेत. तुम्ही म्हणालात, असू दे, काहीतरी बोल, आवाज येतो ह्यात. काय बोलू, तिने विचारलं. नाव सांग. "तुम्हाला ठाऊक नाही का माझं नाव?" आणि ती हसली, आणि कॅमेऱ्यामागे तुम्हीही हसलात.

तुमचं ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही माझ्यासमोर हसत नव्हता असं नाही. पण हे मोकळं होतं, पुढे काही होईल ह्याची शंकाही नसलेलं. मला वाटलं होतं की मला मत्सर वाटेल. मला तुमची दया आली.

मागून गाडी धडधडत गेली. आवाज विरेपर्यंत ती थांबली, मग आत जाऊन बाळाला घेऊन आली. झबलं घातलेली प्रज्ञा. तिने बाळाचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं आणि म्हणाली, "हिला सांगा ना, मोठी झाल्यावर..."

चित्र फाटलं. खर्रकन आवाज झाला आणि बँड वाजायला लागला. मंडप, फेटे, घामेजलेली अनोळखी तोंडं, आणि तुमचा धंद्यातला आवाज, "लाइट इकडं. लाइट."

प्रज्ञाला काही कळेना. दुसरी फाइल लागली की काय म्हणून ती संगणकाकडे बघायला लागली. मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा तसंच. मोठी झाल्यावर, आणि बँड. मी दिलीपभाऊंना फोन लावला. मागे लग्न चालूच होतं.

दिलीपभाऊंनी आधी मला सगळं सांगू दिलं. मग म्हणाले, "वहिनी, त्यानं मला शपथ घातली होती. पण आता कुणासाठी पाळू?"

त्यांनी सांगितलं ते असं. चाकणकडचं एक लग्न होतं. वरात लांबली, जवळच्या कॅसेट संपल्या, मुलाकडची माणसं आरडाओरडा करायला लागली. बॅगेत ‘घर’ लिहिलेली एकच कॅसेट होती. आदल्या दिवशी घरी बघून तुम्ही ती तशीच बॅगेत टाकली होती. तुम्ही क्षणभर थांबलात, मग तीच कॅमेऱ्यात घातलीत. दिलीपभाऊंच्याच हातात लाइट होता. आदल्या दिवशी जिथे थांबवली होती तिथून पुढे सगळ्यावर ती वरात बसली. घरी येऊन तुम्ही संगीताताईंना सांगितलंत, तर त्या हसल्या म्हणे. असू दे, आपण कुठं पळून चाललोय, परत काढा. परत काढायचं राहून गेलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली.

"त्यानंतर त्यानं कॅमेरा माझ्याकडंच ठेवला," दिलीपभाऊ म्हणाले. "म्हणायचा, मी माझ्या हातानं तिला पुसली. घरातल्या माणसावर आता कॅमेरा धरणार नाही."

मी फोन खाली ठेवला. प्रज्ञाने सगळं ऐकलं होतं, आवाज मोठाच होता. ती उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मी तिच्यामागे गेले नाही. त्या कॅसेटमध्ये काही नाही, म्हणाला होतात. मी किती वर्षं त्याचा राग धरला होता, आणि तुम्ही खरंच सांगत होतात. जेवढं सांगता येत होतं तेवढं. आजींचा उंबरा का टाळलात ते कळलं. बोलता बोलता कुठे थांबायचात तेही कळलं. तिथेच थांबायचात, बाळाचं तोंड वळवलं त्या ठिकाणी. आणि पुन्हा पुन्हा कॅसेट मागे नेऊन तिथवर येऊन बंद करायचात. मी बाजारात गेल्यावर, की मी झोपल्यावर? एकटेच.

समोर वरात चालली होती. कुणाला बंद करायचं भान नव्हतं. कुठली तरी माणसं नाचत होती, घोडा पुढे सरकत होता, पेटलेल्या बत्त्यांची रांग होती. मी बघत होते आणि बघत नव्हते. मग नवरी दाराशी पोचली, कुणीतरी माप ठेवलं, आणि तिथे चित्र संपलं. पुन्हा पट्टे. पडद्यावर नुसता पाऊस. मी माऊसकडे हात नेला.

तेवढ्यात चित्र आलं.

अहो, तुम्ही होतात.

तुम्ही झोपला होतात. चाळीतल्या त्या खोलीत, खाली गादीवर, कंपनीची पँटही न बदलता. तिसरी पाळी करून आला असाल, कारण खिडकीतून ऊन आत आलं होतं. मिशी काळीभोर, गाल बसलेले, तोंड जरासं उघडं. तुमच्या कुशीत बाळ जागं होतं आणि तुमच्या शर्टाचं बटण ओढत होतं. चित्र हलत होतं, ज्याच्या हातात कॅमेरा होता त्याला तो पेलवत नव्हता. आणि अगदी जवळून, कानात सांगावं तसा बाईचा आवाज आला.

"पप्पा झोपल्यात. उठवायचं नाही हं."

मी ओरडले असेन, कारण प्रज्ञा धावत आली. दारातच थबकली.

"सगळ्यांची शूटिंग काढत फिरतात," आवाज बाळाला सांगत होता, "ह्यांची कोण काढणार? म्हणून मी काढते. सांगायचं नाही. मोठी झालीस की दाखवू आपण."

मग कॅमेरा कुठेतरी टेकवला गेला, खोली थोडी तिरकी झाली, आणि संगीताताई त्या चौकटीत आल्या. पदर खोचलेला होता. गादीच्या कडेला बसून त्यांनी बाळाच्या मुठीतून बटण सोडवलं, बाळाला मांडीवर घेतलं आणि तुमच्या अंगावर चादर ओढली. तुम्ही कूस बदललीत. त्या हालल्या नाहीत. बाळाला थोपटत तुमच्याकडे बघत बसल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग बाळाला काखेला मारून त्या उठल्या, कॅमेऱ्याकडे आल्या, त्यांचा हात मोठा मोठा होत सगळ्या पडद्यावर आला. कॅसेट संपली.

वरात संपल्यावरही पट्टी उरली होती आणि तिच्यावर हे होतं, तुम्हाला ते कधी कळलंच नाही. ती म्हणाली होती ना, सांगायचं नाही, आणि तिला पुढे सांगायला वेळ मिळाला नाही. कॅसेटवर काय होतं ते तुम्हाला वाटलं आपल्याला ठाऊक आहे, आपणच तर काढलं होतं. म्हणून वरात लागली की तुम्ही बंद करायचात. आणखी थोडी चालू दिली असतीत तर. पण कोण चालू देईल? माझ्यासमोर असती तर मीही बंद केली असती.

प्रज्ञा तिथेच खाली बसली होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "मम्मी, माझ्या आईचा आवाज असा होता." ‘माझी आई’ असं तिने माझ्यासमोर पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला म्हटलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी तिला जवळ घेतलं. खोलीतल्या पडद्यावर पुन्हा तो निळा रंग होता.

आता त्या वाक्याचं. मुलीला आई पाहिजे, बाकी मी काही मागणार नाही, म्हणाला होतात. पुसून टाकलं असं ज्याला वाटतं, तो माणूस पुन्हा कुठल्या तोंडाने काही मागणार? हे मला तुम्ही असताना कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, मला कुठून कळणार? ह्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेली आहे, आणि राग अजून गेलेला नाही. पण तुमच्यासारख्या माणसाबरोबर मी राहिले ह्याचं मला आता वाईट वाटत नाही. कधी कधी वाटायचं, तेही तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आम्ही डीव्हीडी केली. आता सगळे पेनड्राइव्ह मागतात, पण तळेगावला तुम्ही एकदा प्रज्ञाबरोबर पाठवलेला डीव्हीडीचा डबा अजून चालतो. पुढच्या सुट्टीला आम्ही दोघी गाडीने निघालो. तुम्ही ज्या घराची पायरी चढला नाहीत तिथे मी पहिल्यांदाच जात होते. काय म्हणून जात होते मी? पण प्रज्ञाच्या मामींनी दारातच हाताला धरून आत नेलं.

आजी आता खाटेवरच असतात. डोळ्यांना फारसं दिसत नाही. मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "प्रज्ञाची मम्मी व्हय? ये माय." तुम्ही गेल्याचं त्यांना कळवलं होतं. जावई लई गुणाचा, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

प्रज्ञाने वरात काढून टाकली नव्हती. मी म्हटलं होतं काढू, ती म्हणाली, पप्पांनी जे काढलंय ते राहू दे. पण आजींसाठी ती पुढे सरकवली. त्यांना चित्र दिसणार नव्हतं म्हणून मी टीव्हीजवळ बसून सांगत होते. आजी, ही संगीताताई हं, केस मोकळे सोडलेत. आता बाळाला घेऊन आली. लेकीचं हसू ऐकल्यावर आजींनी हात पुढे केला, हवेतच. मग मधला भाग गेला. मी सांगायला लागले, आजी, आता घरातच आहेत सगळे, दुपार आहे, हे गादीवर...

"पप्पा झोपल्यात," टीव्हीतून आवाज आला. "उठवायचं नाही हं."

आजींनी मान वर केली. त्यांचा हात चाचपडत माझ्या तोंडापाशी आला आणि ओठांवर टेकला.

"हळू बोल, पोरी," त्या कुजबुजल्या. "पाळी करून आलाय. झोपू दे त्याला."

मी गप्प झाले. प्रज्ञाने उठून टीव्हीचा आवाज कमी केला. मामी हातातली कपबशी न वाजवता खाली ठेवून दाराशीच बसल्या. आणि तुम्ही कूस बदलून पुन्हा शांत झोपेपर्यंत आमच्यापैकी कुणी हाललं नाही.